निर्दय गुरु : जॉन क्रीझ

जपानी भाषेंत गुरूस ‘सेन्सेई’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ ‘आधीं जन्मलेला’ एवढाच आहे. जो आधीं जन्मला त्यानें मागून येणाऱ्यास वाट दाखवावी, हा त्यांतील भाव. परंतु वाट दाखविणाराच आडरानांत नेऊं लागला तर शिष्यानें काय करावें? अमेरिकेंतील एका गाजलेल्या चित्रपटमालिकेनें हा प्रश्न जॉन क्रीझ या पात्राच्या रूपानें लोकांपुढें ठेविला आहे.

‘दि कराटे किड’ हा या मालिकेंतील पहिला चित्रपट १९८४ सालीं निघाला. क्रीझची भूमिका मार्टिन कोव्ह या नटानें केली आहे. क्रीझ हा व्हिएतनामच्या युद्धांतून परतलेला शिपाई असून लॉस एंजेलिसच्या परिसरांत तो ‘कोब्रा काई’ नांवाची कराटेची शाळा चालवितो. आधीं आपण प्रहार करावा, तो जबर करावा, आणि दया म्हणून दाखवूं नये, ही त्याची त्रिसूत्री.

या त्रिसूत्रींतील दोष समजण्यास मूळ विद्येकडे पाहिलें पाहिजे. कराटे म्हणजे रिकामा हात. ओकिनावा बेटावरील ही विद्या १९२२ सालीं टोकियोंत नेऊन दाखविणारे गिचिन फुनाकोशी हे पेशानें शाळामास्तर होते. या विद्येचा आरंभ व शेवट नमनानें व्हावा आणि तिच्यांत पहिला प्रहार आपला नसावा, अशी त्यांची शिकवण होती. म्हणजे क्रीझनें हात व पाय तेवढे ठेविले, आणि विद्येचें हृदय काढून टाकलें.

त्याचें खरें स्वरूप स्पर्धेच्या प्रसंगीं उघडें पडतें. डॅनिएल हा प्रतिस्पर्धी मुलगा जिंकूं लागतांच क्रीझ बॉबी या शिष्यास त्याला जायबंदी करण्याची आज्ञा देतो. बॉबी कांकूं करतो. पण आज्ञा पाळतो, आणि लगेच त्या जखमी मुलाची क्षमा मागतो. अंतिम सामन्यांत पट्टशिष्य जॉनीस त्याच दुखावलेल्या पायावर घाव घालण्यास सांगण्यांत येतें. ती आज्ञा ऐकतांना जॉनीच्या मुद्रेवर जी व्यथा उमटते, तींत सर्व कथेचें सार आहे. मुलाला बरेंवाईट कळतें. परंतु गुरूचा शब्द मोडण्याचें बळ त्याच्या अंगीं नाहीं. जॉनी हरतो, व विजयचिन्ह स्वतः डॅनिएलच्या हातीं देतो.

१९८६ च्या दुसऱ्या चित्रपटाच्या आरंभीं क्रीझ पराभवाच्या रागानें याच जॉनीचा गळा आवळतो. डॅनिएलचे वृद्ध गुरु मियागी त्यास सोडवितात. क्रीझ त्यांच्या हातीं सांपडतो. ते घाव घालण्यासाठीं हात उगारतात, आणि केवळ नाक चिमटून त्यास सोडून देतात! दया ही दुर्बळाची नसून समर्थाची असते, हें याहून सोपें करून कोणी कसें सांगावें?

क्रीझ असा कां झाला, याचें उत्तर २०१८ सालीं सुरू झालेल्या ‘कोब्रा काई’ या दूरचित्रवाणी-मालिकेच्या तिसऱ्या भागांत, २०२१ मध्यें, मिळालें. तरुणपणीं युद्धांत त्याच्या वरिष्ठानें त्यास निर्दयतेचा पाठ दिला होता. जें मिळालें तेंच त्यानें पुढें दिलें. यानें त्याचा अपराध धुतला जात नाहीं. मात्र कुशिक्षण एका पिढींतून दुसऱ्या पिढींत कसें उतरतें तें दिसतें.

ही मालिका २०२५ सालीं संपली. तींत अखेरीस क्रीझ जॉनीपाशीं पश्चात्ताप व्यक्त करतो, व पुढें प्राण वेंचतो. तोंवर जॉनी स्वतः गुरु झालेला असतो, आणि त्यालाही तोच प्रश्न सोडवावा लागतो : मिळालें तें तसेंच पुढें द्यावें, कीं निवडून द्यावें? क्रीझला ही निवड करतां आली नाहीं. खरा गुरु ती रोज करीत असतो; कारण शिष्य त्याचे डाव उचलतो तसाच त्याचा स्वभावही उचलतो.