परक्या गावातले रोजे आणि इंग्रजीचा तास

अमरावतीचा इतवारा असो की अकोल्याची ताजनापेठ, रमजानमध्ये दुपार कलली की खजूर आणि फळांच्या गाड्यांभोवती गर्दी वाढू लागते. या गर्दीत इंग्रजीत एम.ए. झालेली मुलं-मुलीही असतात. त्यातल्या एखादीच्या मोबाइलमध्ये परदेशातल्या भाषा सहायकाच्या जागेचा अर्ज अर्धवट भरून पडलेला असतो. तो अडतो तो बहुधा घरातल्या एका प्रश्नावर. "लडकी को इत्ती दूर अकेली कैसे भेजना?" शेजारच्या मराठी घरात हाच प्रश्न "पोरीले एकटीले येवढ्या दूर कसं धाडावं?" असा विचारला जातो. काळजी तीच.

हे काम नेमकं काय, ते आधी पाहू. फ्रान्सच्या सरकारी शाळांमध्ये ऑक्टोबर ते एप्रिल असे सात महिने परदेशी भाषा सहायक घेतले जातात. इंग्रजीसाठी भारतीय तरुणांनाही त्यात संधी असते, मात्र फ्रेंच बऱ्यापैकी यावी लागते. आठवड्याला १२ तास काम. वर्गशिक्षकाच्या सोबत राहून मुलांना इंग्रजीत बोलतं करायचं. निकालाची जबाबदारी डोक्यावर नसते. हातात महिन्याला साधारण ८०० युरो पडतात. त्यात माणूस राहतो, पण घरी पैसे पाठवण्याचा हिशेब कोणी मांडू नये.

अमेरिकेच्या फुलब्राइट योजनेत वेगळीच गंमत आहे. इथून जातो तो इंग्रजीचा तरुण शिक्षक, आणि तिथल्या विद्यापीठात शिकवतो आपली भाषा, म्हणजे हिंदी किंवा उर्दू. मुक्काम नऊ महिन्यांचा, शिवाय दर सत्रात दोन विषय स्वतः शिकायचे. उर्दू माध्यमात शिकल्याचं मुलाखतीत दबक्या आवाजात सांगणाऱ्या आपल्या मुलांनी हे जरूर ध्यानात घ्यावं. ज्या भाषेने मागे पडलो असं वाटतं, तीच इथे तिकीट ठरते.

नव्या गावात पाय रोवण्याची खरी परीक्षा पहिल्या महिन्यात असते. फ्रान्समध्ये घर भाड्याने घ्यायला बँक खात्याचा कागद मागतात आणि खातं उघडायला राहत्या घराचा पत्ता. या चक्रात भलेभले फिरतात. घरमालकाला जामीनदारही हवा असतो. त्यासाठी 'विझाल' नावाची मोफत हमी योजना आहे. पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत व्हिसाची ऑनलाइन नोंद करावी लागते. पहिला पगार हाती यायला वेळ लागू शकतो, म्हणून दोन महिन्यांचा खर्च सोबत असलेला बरा. नेमणूक पॅरिसमध्येच होईल असं नाही; दिवसातून मोजक्या बस जाणारं गावही वाट्याला येतं. शाळेतल्या इंग्रजीच्या शिक्षकांना निघण्याआधीच पत्र लिहून राहण्याची सोय विचारली, तर निम्मं ओझं उतरतं.

एक गोष्ट मात्र अर्जाआधीच घरात बसून बोलायला हवी. फ्रान्सच्या सरकारी शाळेत काम करणाऱ्या कोणालाही धर्माची खूण अंगावर ठेवता येत नाही. २००४च्या कायद्याने विद्यार्थिनींच्या डोक्यावरचा रुमाल बंद झाला. शिक्षकांसाठी तर तटस्थतेचा नियम त्याहून जुना आहे आणि सहायकही त्यात येतात. रुमाल न सोडणाऱ्या मुलीला हे तिथे पोहोचल्यावर कळणं म्हणजे वर्षही गेलं आणि मनही मोडलं. हा नियम योग्य की अयोग्य, यावर वाद होऊ शकतो, व्हावाही. पण तो ठाऊक नसताना सही करणं शहाणपणाचं नाही. अमेरिकी विद्यापीठात ही अडचण येत नाही. निर्णय मुलीचा असावा, आणि तो पूर्ण माहितीवर असावा.

आता रोजे. काही वर्षांपूर्वी रमजान जूनमध्ये होता, तेव्हा उत्तर युरोपात अठरा-अठरा तासांचा रोजा असे. चांद्र वर्ष दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतं. त्यामुळे या वर्षांतला रमजान हिवाळ्यात किंवा वसंताच्या तोंडावर, म्हणजे सहायकाच्या मुक्कामातच येतो. दिवस आपल्याकडच्यासारखाच, तेरा-चौदा तासांच्या आसपासचा. उपाशी राहणं जड जात नाही, एकटं राहणं जड जातं. भोंग्यावरून सहेरीची हाक नाही, गल्लीत तरावीहची वर्दळ नाही. दुपारी शाळेच्या भोजनगृहात सगळे तासभर गप्पा मारत जेवत असतात. रोजा असल्याचं सहकाऱ्यांना आधीच सांगून टाकावं, म्हणजे रोज कारणं द्यावी लागत नाहीत. ईदला सुट्टी नसते. रजा आधी मागावी लागते, कामाची अडचण नसेल तर मिळते.

सोबत मिळते ती मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशियाच्या घरांची. भजी नसतात, खजूर, दूध आणि गरम सूप असतं. ते 'रमदान' म्हणतात, आपण रमजान. पॅरिसची मोठी मशीद १९२६ साली उघडली, पहिल्या महायुद्धात फ्रान्ससाठी मेलेल्या मुस्लिम सैनिकांच्या आठवणीत. अमेरिकेत विद्यापीठांमधल्या मुस्लिम विद्यार्थी संघटना एकत्र इफ्तार ठेवतात. त्यांचा आरंभ १९६३चा.

एकटेपणाची भीती खोटी नाही. मुंबईत अंजुमन-ए-इस्लामच्या शाळेत शिकलेले अब्दुल्ला यूसुफ अली १९१७ ते १९१९ या काळात लंडनमध्ये हिंदुस्तानी शिकवत होते. पुढे त्यांनीच कुरआनचा तो इंग्रजी अनुवाद केला, जो आज जगभर वाचला जातो. त्याच लंडनमध्ये डिसेंबर १९५३मध्ये ते निराधार अवस्थेत वारले. म्हणून पहिल्या आठवड्यात बँकेइतकीच निकड माणसं शोधण्याची. मशीद, वाचनालय, शेजारची म्हातारी, कुठूनही सुरुवात चालेल.

घरच्यांचं काम घड्याळाशी. अकोल्यात रोजा सुटतो तेव्हा फ्रान्समध्ये दुपारचे दोन वाजलेले असतात आणि वर्ग भरलेला असतो. त्या वेळी फोन करू नये. तिकडे रोजा सुटतो तो इथे रात्री अकराच्या सुमारास. न्यूयॉर्ककडे मात्र मार्चच्या मध्यात सूर्य मावळतो, तेव्हा वऱ्हाडात पहाटेचे साडेचार झालेले असतात. तिकडे लेक खजूर तोंडात टाकते, इकडे अम्मी सहेरीचा चहा ठेवते, आणि फोन दोघींच्या समोर उभा करून ठेवलेला असतो.