राखाडी कडांची अक्षरे

संगणकाच्या पडद्यावर तिरकी रेघ नसतेच. असतात ते चौकोनी ठिपके, म्हणजे पिक्सेल. काळा आणि पांढरा एवढेच दोन रंग हाताशी असले, की तिरक्या रेघेच्या पायऱ्या होतात. मीरा रोडच्या एखाद्या रहिवाशाने ऑनलाइन अर्जात ‘पूनम सागर’ असा पत्ता टाइप केला, तर शिरोरेषा आणि प, न, म, स, ग यांचे दंड ठिपक्यांच्या रांगेत नीट बसतात. ऊकाराचा बाक आणि ‘र’ची शेपटी मात्र दातेरी निघते.

यावरचा इलाज राखाडी रंग. अक्षराच्या कडेने पिक्सेलचा जेवढा भाग व्यापला असेल तेवढा तो गडद करायचा: पाव व्यापला तर फिका, पाऊण व्यापला तर गडद. अमेरिकेतील एमआयटीत १९७०च्या दशकात या तंत्रावर काम झाले.

खरे तर कड राखाडी केली की ती धूसर होते. भिंग लावले की हे उघड दिसते. तरी अक्षर रेखीव वाटते. इंचाला ९६ पिक्सेल असलेल्या पडद्यावर एक ठिपका सुमारे पाव मिलिमीटरचा असतो. हातभर अंतरावरून डोळा त्याची छटा सुटी वाचत नाही. त्या छटेवरून कड नेमकी कुठे आहे, एवढेच ताडतो.

देवनागरीत मात्र हा उपाय कधी अंगाशी येतो. एक पिक्सेल जाडीची शिरोरेषा दोन रांगांत निम्मी-निम्मी पडली, तर काळ्या रेघेऐवजी दोन फिक्या रेघा दिसतात आणि अख्खा शब्द मलूल होतो. म्हणून शिरोरेषा एकाच रांगेत बसवण्याच्या सूचना फॉन्टमध्येच घालाव्या लागतात. सुलेखनकार र. कृ. जोशी यांचा ‘मंगल’ हा फॉन्ट विंडोज २०००बरोबर आला आणि विंडोजच्या पडद्यावरची बरीच मराठी वर्षानुवर्षे त्यात वाचली गेली. छोट्या आकाराच्या अक्षरांत शिरोरेषेची ही काळजी सर्वांत मोलाची.

विंडोज एक्सपीतील (२००१) ‘क्लिअरटाइप’ने पिक्सेलमधले लाल, हिरवे, निळे भाग वेगवेगळे वापरले. त्याचा फायदा दंडांना झाला, आडव्या शिरोरेषेला नाही. ॲपलने २०१८च्या ‘मोहावे’ या संगणक प्रणालीत ही रंगीत युक्ती बाजूला ठेवली. राखाडी छटा राहिल्या. आजच्या मोबाइलचे पिक्सेल वेगळे दिसू नयेत इतके बारीक असतात. तरीही राखाडी छटा लागतातच, कारण रेघ जराशी सरकली तर डोळा ते पिक्सेलहूनही सूक्ष्म फरकाने ओळखतो.