काळ्या पट्ट्या, पसरलेली माणसं आणि रिमोटवरचं एक बटण

मंडळी, आजचा विषय आपल्या घरात भिंतीवरच टांगलेला आहे. टीव्ही नवा, मोठा, रुंद. त्यावर जुनी मालिका लावली की माणसं आडवी पसरलेली दिसतात. किंवा माणसं नीट असतात, पण दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. मग कोणीतरी रिमोट घेऊन बटणं दाबत बसतं, पट्ट्या जातात आणि घरात समाधान पसरतं. त्या पट्ट्या जाताना सोबत काय घेऊन गेल्या, हे आज आपण बघू.

आधी हे प्रमाण आलं कुठून? एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सन यांनी ३५ मिलिमीटरची फिल्म वापरून जी चौकट ठरवली, ती रुंदीला चार आणि उंचीला तीन अशी होती. बोलपट आल्यावर १९३२ मध्ये ती जरा सुधारली गेली, १.३७ झाली, पण रूप तेच राहिलं. टीव्ही आला तोही ४:३ घेऊनच. आता घरातच चित्र दिसायला लागल्यावर लोकांनी थिएटरात का यावं? म्हणून सिनेमा रुंद झाला. हॉलिवूडमध्ये १९५३ ला सिनेमास्कोप आला, आपल्याकडे १९५९ ला गुरुदत्तांचा 'कागज़ के फूल'. यातली गंमत लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे: सिनेमास्कोपमध्ये भिंग ते रुंद दृश्य दाबून नेहमीच्या फिल्मवर बसवतं आणि प्रोजेक्टरचं भिंग ते तेवढंच पुन्हा पसरवतं. दाबलं तेवढंच पसरवलं, त्यामुळे प्रेक्षकाला पत्ताही लागत नाही.

मग १६:९ कोणी ठरवलं? १९८० च्या दशकात अमेरिकेत कर्न्स पॉवर्स नावाच्या अभियंत्यांनी चालू असलेल्या सगळ्या प्रमाणांचे सारख्या क्षेत्रफळाचे आयत घेतले आणि मध्य जुळवून एकावर एक ठेवले. त्या सगळ्यांना कवेत घेणारी चौकट आणि सगळ्यांत सामाईक असलेली आतली चौकट, दोन्हींचं प्रमाण निघालं साधारण १.७७, म्हणजेच १६:९. तडजोडच ती. जुन्या ४:३ लाही थोड्या पट्ट्या आणि रुंद सिनेमालाही थोड्या पट्ट्या, कोणावरच फार अन्याय नाही. तेव्हा पट्टी दिसली म्हणजे टीव्ही बिघडला असं समजू नका. हा पडदा पट्ट्या गृहीत धरूनच काढलेला आहे.

आता हिशेब करू. ४:३ चं चित्र १६:९ च्या पडद्यावर पूर्ण उंचीत बसवलं, तर रुंदीचा पाव भाग रिकामा राहतो, डावीकडे साडेबारा टक्के आणि उजवीकडे साडेबारा. ४३ इंची टीव्हीवर अशा चित्राचा कर्ण भरतो ३५ इंच. ज्या २१ इंची डब्यावर आपण १९८७ साली 'रामायण' बघितलं, त्याच्यापेक्षा हे बरंच मोठं आहे. पण पट्टी दिसली की आपल्याला वाटतं, पैसे वाया गेले.

ते पैसे वसूल करायचे दोन मार्ग रिमोट देतो. एक, ताणणे: प्रत्येक गोष्ट एक तृतीयांशाने रुंद होते. दुसरा, झूम: माणसं नीट राहतात, पण वरून आणि खालून मिळून चित्राचा पाव भाग कापला जातो. जुन्या चित्रपटातली लावणी झूम करून बघा. घुंगरांचा आवाज येतो, पाय दिसत नाहीत. क्रिकेटमध्ये धावफलक जातो, परभाषेतल्या सिनेमात खालची उपशीर्षकं जातात. काही टीव्हींवर तिसरा, 'वाइड झूम'सारख्या नावाचा प्रकार असतो. तो मधला भाग जवळपास तसाच ठेवतो आणि कडा ताणतो. स्थिर दृश्यात चालून जातं, पण पडद्यावरून गाडी गेली की डबे कडेला जाड, मध्ये बारीक, पुन्हा कडेला जाड. आम्हाला विचाराल तर हा तिन्हींत वाईट.

आता कोणी म्हणेल, 'ऑटो' ठेवलंय, तरी चुकतंच. का चुकतं? आपल्याकडच्या साध्या, म्हणजे एचडी नसलेल्या प्रक्षेपणाचा साचा ७२० बाय ५७६ ठिपक्यांचा. ४:३ चं चित्रही त्यातच बसतं आणि १६:९ चंही त्यातच, दाबून. वर सांगितलं तसंच. कोणतं चित्र आहे हे कळावं म्हणून सोबत एक खूण पाठवायची असते. ती खूण आली नाही किंवा चुकीची आली, तर टीव्ही अंदाज बांधतो.

एचडीचं उलट आहे, आणि खरी फसगत इथेच होते. तिथली चौकट, १९२० बाय १०८०, मुळातच १६:९ असते. जुनी मालिका एचडी वाहिनीवर दाखवताना बाजूच्या पट्ट्या वाहिनीनेच चित्रात घातलेल्या असतात, टीव्हीच्या दृष्टीने त्या चित्राचाच भाग. अशा वेळी जुनी मालिका म्हणून तुम्ही ४:३ चं बटण दाबलंत, तर तो पट्ट्यांसकट सगळं दाबतो आणि माणसं काडीसारखी होतात. म्हणून एचडी असेल तर टीव्ही १६:९ वर किंवा 'ओरिजिनल'वर ठेवा आणि हात लावू नका. ४:३ चं बटण फक्त साध्या वाहिनीवर आणि जुन्या डीव्हीडीला.

सेट-टॉप बॉक्सलाही स्वतःचं असंच सेटिंग असतं, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. बॉक्स पट्ट्या घालतो, टीव्ही त्यावर आणखी घालतो आणि चित्र चारी बाजूंनी काळ्या चौकटीत टपालाच्या तिकिटाएवढं उरतं. आधी बॉक्सला सांगा की टीव्ही १६:९ चा आहे. ४:३ च्या कार्यक्रमाला ताणायचं की पट्ट्या द्यायच्या असं तो विचारत असेल, तर पट्ट्या निवडा. मग टीव्हीकडे वळा. दुरुस्ती एकाच ठिकाणी करायची.

याच मेनूत 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' असं काहीतरी सापडेल, प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं. काचेच्या नळीच्या टीव्हीत कडा कधी सरळ बसायच्या नाहीत, म्हणून चित्र थोडं चौकटीबाहेर ढकललं जायचं. ती सवय आजही बऱ्याच टीव्हींत आहे. लॅपटॉप जोडल्यावर कडेचे आयकॉन अर्धे दिसत असतील तर कारण हेच. हे सेटिंग चालू करा, पूर्ण चित्र दिसेल आणि अक्षरंही स्पष्ट होतील.

मागून प्रश्न आला आहे, की चित्र बरोबर आहे हे ओळखायचं कसं? चेहऱ्यावरून ओळखू नका, डोळा दोन दिवसांत सरावतो. गोल वस्तू शोधा. समोरून दिसणारं भिंतीवरचं घड्याळ चालेल, पण लाडू उत्तम. ताट तिरकं धरलं की लांबट दिसतं, लाडू मात्र कुठूनही गोल. पडद्याच्या मधोमध आला की चित्र थांबवा आणि फूटपट्टी लावा. उंची ९ सेंटीमीटर आणि रुंदी १२ भरली, तर ४:३ चं चित्र ताणलेलं आहे. उलट भरलं तर दाबलेलं आहे.

लाडवाचं उदाहरण उगाच घेतलं नाही. घरोघरी लग्नाच्या, मुंजीच्या व्हीएचएस कॅसेट्स आहेत आणि आता त्या पेनड्राइव्हवर उतरवून घेणं चाललंय. टीव्हीचं सेटिंग कधीही बदलता येतं, पण उतरवलेल्या फाइलचं तसं नसतं. आजी पसरलेली दिसत असेल तर घाबरू नका, ताणलेलं परत दाबता येतं. संगणकावर व्हीएलसीमध्ये 'ए' हे बटण दाबत गेलात की प्रमाण बदलत जातं, ४:३ वर थांबा, आजी पूर्ववत. पण पडदा भरावा म्हणून कोणी झूम करून उतरवलं असेल, तर वरचं तोरण आणि खालच्या पंगतीतली पानं त्या फाइलमध्ये नाहीतच, कोणतंही बटण ती परत आणत नाही. मूळ कॅसेट टाकून दिली असेल तर विषयच संपला.

तेव्हा कॅसेट देतानाच सांगा, ४:३ च ठेवा, कापू नका, पट्ट्या आल्या तर येऊ द्या. फाइल मिळाली की घरी लाडू मोजा आणि कॅसेटशी ताडून चारही कडा बघा. तोवर कॅसेट माळ्यावर राहू द्या, कोरड्या जागी, उभी ठेवून.