उंटरबेखच्या ३३ जणी

स्वित्झर्लंड म्हटलं की डोळ्यांपुढे येतात बर्फाची शिखरं आणि हिंदी सिनेमातली गाणी. पण तिथेच, आल्प्सच्या कुशीत, वालिस प्रांतात उंटरबेख नावाचं चिमुकलं गाव आहे. वस्ती जेमतेम चारेकशे. या गावाचं नाव झालं ते तिथल्या बायकांमुळे.

मैत्रिणींनो, आपल्याकडे १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत आपल्या आज्यांनी मतं दिली. स्वित्झर्लंडमध्ये मात्र देशाच्या कारभारात बाईला मतच नव्हतं! १९५७ साली सरकारने ठरवलं, की नागरी संरक्षणाचं काम बायकांनाही सक्तीचं करायचं. त्यावर जनतेचा कौल घ्यायचा. जनता म्हणजे कोण, तर फक्त पुरुष. राबायचं बायकांनी आणि ठरवायचं पुरुषांनी. (ओळखीचं वाटतंय ना?)

उंटरबेखच्या ग्रामपरिषदेला हे काही पटेना. ज्यांच्या डोक्यावर ओझं ठेवायचं, त्यांना विचारायला नको? परिषदेने गावातल्या बायकांनाही मतदानाला बोलावलं. वरच्या सरकारने हे बेकायदा ठरवलं, तरी गाव हटलं नाही. ३ मार्च १९५७च्या त्या मतदानात ३३ बायकांनी मत दिलं. पहिलं मत टाकलं कॅथरिना झेनहॉयझर्न यांनी. त्या गावच्या अध्यक्षांच्या पत्नी. बऱ्याच जणी मात्र आल्याच नाहीत. मला त्यांना नावं ठेवाविशी वाटत नाहीत. एवढ्याशा गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, रोज त्याच वाटेने जायचं असतं. म्हणून तर त्या ३३ जणींचं कौतुक!

त्यांच्यासाठी पेटीही वेगळी ठेवली होती आणि ती मतं ग्राह्य धरलीच नाहीत. सक्तीचा प्रस्ताव पुरुषांच्याच मतांनी पडला. पुढे १९५९ साली बायकांना मताधिकार द्यायचा का, असा थेट प्रश्न आला तेव्हा दोन तृतीयांश पुरुषांनी चक्क 'नाही' म्हटलं. अखेर ७ फेब्रुवारी १९७१ला तो हक्क मिळाला. म्हणजे उंटरबेखनंतर तब्बल १४ वर्षांनी! आणि आपेनझेल इनररोडन या प्रांतात स्थानिक कारभारात मत द्यायला बायकांना १९९०मध्ये कोर्टाचा निकाल यावा लागला.

स्विस राष्ट्राची पहिली शपथ रुटली नावाच्या कुरणावर घेतली गेली, असं तिथे परंपरेने मानतात. उंटरबेखला आज 'स्विस स्त्रियांचं रुटली' म्हणतात.