मेंदूचे चित्र आणि बाळाचे बोल

बाळ सात महिन्यांचे आहे. खुळखुळा कोणत्याही बाजूने दाखवला तरी त्याचा डावाच हात पुढे येतो. उजव्या हाताची मूठ बहुतेक वेळ मिटलेली. घरात कौतुक चालते, 'आजोबांवर गेलाय, डावरा होणार.' वास्तविक पहिल्या वाढदिवसापूर्वी मूल एकाच हाताचा असा आग्रह धरत नाही. ते धरू लागले तर दुसऱ्या हातात कमजोरी नाही ना, हे पाहावे लागते. आणि उजव्या हाताच्या कमजोरीचे मूळ मेंदूच्या डाव्या भागात असू शकते. धाराशिव जिल्ह्यातील अणदूरसारख्या गावातून असे मूल तपासणीसाठी सोलापूरला नेले जाते, एमआरआय होतो आणि इंग्रजीत लिहिलेला एक कागद आईवडिलांच्या हाती पडतो. चालण्याबद्दलच्या शंका विचारून झाल्या, की आई हळूच विचारते, "बोलेल ना हा?"

प्रश्न रास्त आहे. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकाने वाचा गमावलेल्या एका रुग्णाचा मेंदू मृत्यूनंतर तपासला. त्या रुग्णाला 'टान' याखेरीज फारसे काही उच्चारता येत नसे. त्याच्या डाव्या गोलार्धाच्या पुढच्या भागात इजा आढळली. पुढे भाषेचे ठाणे बहुतेक माणसांत डाव्या गोलार्धात असते, हे प्रस्थापित झाले. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली की अनेकदा वाचाही जाते, हे आपल्याकडे घरोघरी पाहिलेले असते. मग ज्याचा डावा भाग जन्मतःच जायबंदी आहे, त्या मुलाला भाषा यावी कशी?

पण ती येते. जन्माच्या सुमारास मेंदूची रक्तवाहिनी तुंबून बाळाला पक्षाघात होणे हे वाटते तितके दुर्मीळ नाही. साधारण चार हजार जन्मांमागे एक, असा ढोबळ अंदाज आहे. अमेरिकेतील जॉर्जटाऊन विद्यापीठाच्या एलिसा न्यूपोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पक्षाघातात डावा भाग गमावलेल्या मुलांचा ती किशोर आणि तरुण वयात आल्यावर अभ्यास केला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात असे दिसले, की वाक्ये समजून घेण्याचे त्यांचे काम उजव्या गोलार्धात चालते, तेही डाव्या बाजूच्या नेहमीच्या जागांच्या नेमक्या समोरच्या जागांत. जणू आरशातले प्रतिबिंब. आणि वाक्ये समजण्यात ही मुले आपल्या निरोगी भावंडांपेक्षा मागे नव्हती.

याची उकल त्याच गटाच्या २०२० मधील अभ्यासात सापडते. चार-पाच वर्षांच्या निरोगी मुलांत भाषा ऐकताना दोन्ही गोलार्ध जागे होतात; वय वाढते तसा उजव्याचा वाटा कमी होत जातो. म्हणजे उजव्या बाजूला भाषा अगदीच परकी नसते. डावी बाजू नसेल तर ती आपला वाटा सोडत नाही, इतकेच.

याहून नवलाची हकिगत अमेरिकेतल्या एका स्त्रीची. १९८७ मध्ये दुसऱ्याच कारणाने केलेल्या तपासणीत तिला कळले, की आपल्या मेंदूचा डावा शंखखंड, म्हणजे कानामागचा मोठा भाग, जवळजवळ नाहीच. तोपर्यंत कोणाला शंकाही आली नव्हती. उच्चशिक्षित असलेली ही स्त्री मोठेपणी रशियन भाषाही शिकली. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत इव्हेलिना फेडोरेंको यांच्या गटाने तिचा अभ्यास केला, तेव्हा तिची भाषा पूर्णपणे उजवीकडे नांदताना दिसली.

अणदूरकरांना ही गोष्ट समजायला जड जाऊ नये. तिथल्या खंडोबाची मूर्ती एक आणि मंदिरे दोन; देव वर्षातले सव्वादहा महिने अणदुरात असतो, पावणेदोन महिने नळदुर्गाजवळच्या मैलारपुरात. भाषेचे मात्र असे दरवर्षीचे जाणेयेणे नसते. ती बालपणात एकदा ज्या घरी बसली तिथेच राहते, आणि वय उलटल्यावर सहसा घर बदलत नाही. म्हणून तर साठीतल्या आजोबांना पक्षाघाताने जे नुकसान होते, ते नवजात नातवाला त्याच जागी इजा होऊनही तसे होत नाही.

याचा अर्थ सगळे आपोआप सुरळीत होते, असा कोणी घेऊ नये. दोन्ही गोलार्धांना इजा असेल, तर वळायला वाटच उरत नाही. वरचेवर आकडी येत असेल, तर चांगल्या भागाचेही काम बिघडते. अशा मुलाची आकडी आटोक्यात आणणे हा भाषेवरचाही उपचार असतो. शिवाय या मुलांचे पहिले शब्द आणि पहिली वाक्ये पुष्कळदा उशिरा येतात. शाळेच्या वयापर्यंत बरीच मुले नेहमीचे बोलणे गाठतात, पण लांबलचक गोष्ट स्वतःहून जुळवून सांगताना थोडी अडखळतात.

मग एमआरआयच्या चित्रावरून काय सांगता येते? इजा कुठे आणि किती, एवढे. मूल किती बोलेल, हे नाही. त्याचा अधिक चांगला सुगावा खुद्द मुलाकडे मिळतो. शिकागो विद्यापीठातील सुसान गोल्डिन-मेडो, सुसान लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मुलांचे दीर्घकाळ निरीक्षण केले. दीड वर्षाचे मूल बोटाने काय काय दाखवते, यावरून त्याचा पुढचा शब्दसंग्रह बऱ्यापैकी ताडता येतो, असे त्यांना आढळले. दुसरा निष्कर्ष आईबापांच्या दृष्टीने मोलाचा आहे. घरातले लोक मुलाशी किती आणि कसे बोलतात, याचा परिणाम सर्वच मुलांवर होतो. मेंदूला इजा झालेल्या मुलांच्या वाक्यरचनेवर तो इतरांपेक्षा अधिक होतो. नेमके उलटे मात्र आपल्या घरांत घडते. 'त्याला काय कळतंय' म्हणून ज्याच्याशी कमी बोलले जाते, ते हेच मूल असते.

बोलणे सुधारावे म्हणून वेखंड उगाळून चाटवतात, जीभ जड आहे म्हणतात, 'याचा मामाही पाचव्या वर्षी बोलला' असे सांगत दोन वर्षे घालवतात. आधी ऐकू येते की नाही, हे तपासावे. दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर थांबू नये. कर्नाटकाच्या या सीमेवर अनेक घरांत मराठीबरोबर कानडी किंवा दखनी चालते. अशा घरांना 'एकच भाषा बोला' असा सल्ला सर्रास दिला जातो. दोन भाषांमुळे अडचण वाढते याला संशोधनाचा आधार नाही, आणि आजीची भाषा बंद केली की मुलाशी बोलणारे एक माणूस कमी होते. अंगणवाड्या आणि शाळांतील मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. विकासातील विलंब हा त्याच्या यादीतला एक विषय आहे. अणदुरात तर डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. क्रांती रायमाने यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावोगावच्या स्त्रियांना शिकवून 'भारतवैद्य' घडवल्या. रोज घरात डोकावणाऱ्या अशा बाईला मिटलेली मूठ जितक्या लवकर दिसेल, तितक्या लवकर ती शहरातल्या तज्ज्ञाला दिसणार नाही.

आतापर्यंत इजेबद्दल झाले. दुसऱ्या काही मुलांत इजा नसते, रचनाच निराळी असते. दोन्ही गोलार्धांना जोडणारा, सुमारे वीस कोटी तंतूंचा कॉर्पस कॅलोसम नावाचा पट्टा त्यांच्यात गर्भावस्थेत तयारच होत नाही. कधी तो गरोदरपणीच्या सोनोग्राफीतच दिसत नाही आणि घर हादरते. मेंदूत याखेरीज दुसरा दोष नसेल, तर यांतली बरीच मुले बोलतात, शाळेत जातात. इथे चूक उलट दिशेने होते: मूल घडाघडा बोलते, म्हणून सगळे ठीक आहे असे धरले जाते.

कॅलिफोर्नियातील लिन पॉल आणि वॉरन ब्राऊन या संशोधकांनी अशा व्यक्तींच्या चाचण्या घेतल्या. शब्दांचा सरळ अर्थ त्यांना नीट कळत होता. म्हणी, वाक्प्रचार आणि आवाजाच्या चढउतारातला भाव मात्र निसटत होता. आपल्या भाषेत हे फार महागात पडते, कारण मराठी घरातले निम्मे बोलणे टोमण्यांतच होते! प्रगतिपुस्तक पाहून वडील म्हणाले, "वा, काय दिवे लावलेत!" तर असे मूल खूश होईल, किंवा दिवे शोधेल. 'नाचता येईना अंगण वाकडे' याचा अर्थ विचारला, तर अंगण सरळ करून घ्यावे, असे ते प्रामाणिकपणे सांगेल. वर्ग हसतो, बाई रागावतात, आणि मूल उद्धट किंवा मठ्ठ ठरते.

वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ अशा मुलांना म्हणी प्रसंगासकट शिकवतात: कोण बोलले, तेव्हा त्याचा चेहरा कसा होता, त्याला खरे काय म्हणायचे होते. हे घरीही करता येते. टोमणा मारून झाल्यावर वडिलांनी एवढेच म्हणायचे, "दिवे लावलेत म्हणजे गुण कमी पडलेत, म्हणून मला वाईट वाटलं."