जुना झोपाळा, नवा सोफा

जुन्या आणि नव्या वस्तू एका दिवाणखान्यात मांडताना पहिला हिशेब जागेचा करावा लागतो. कडीपाटाच्या वाड्यासाठी घडवलेला झोपाळा दहा फुटी छताच्या फ्लॅटमध्ये आणला की खोली भरून जाते. म्हणून नजर खेचून घेणारी मोठी जुनी वस्तू एकच ठेवावी. सोफा, टीपॉय, पडदे साधे, ठेंगणे, एकरंगी असावेत. मोठ्या जुन्या वस्तू दोन-तीन जमल्या की घराचे जुन्या बाजारातले दुकान होते.

बडोद्यात आणि त्याच्या उत्तरेकडच्या सावली गावात वेगवेगळ्या वस्तूंच्या मेळाचा हा प्रश्न मराठी घरांना नवा नाही. मराठा सरदार पिलाजीराव गायकवाडांची 1732 साली डाकोरला हत्या झाली आणि त्यांचे अंत्यसंस्कार सावलीत झाले, इतका इथला मराठी संबंध जुना. लोड-तक्क्यांची बैठक मराठी, झोपाळा गुजराती, भिंतीवर रविवर्म्याच्या छापील तसबिरी, अशी सरमिसळ बडोदेकरांच्या अंगवळणी पडलेली आहे. 1890 मध्ये पूर्ण झालेला खुद्द लक्ष्मीविलास राजवाडा इंग्रज वास्तुविशारदांच्या हातचा, पण त्यात भारतीय आणि युरोपीय घाट एकत्र नांदतात.

या भागातली खरी मिरवण्याजोगी वस्तू म्हणजे संखेड्याचे फर्निचर. सागवानाचे खांब आणि पाय लाकूड कातणारे खरादी लोक कातयंत्रावर उतरवतात. त्यावर रंग चढवून कलईच्या लेपाने वेलबुट्टी काढतात. ती आधी चंदेरी दिसते. घोटून वर लाखेचा हात बसला की सोनेरी होते. तपकिरी-तांबड्यावर सोनेरी हा रंगमेळच इतका बोलका असतो, की त्यामागे फुलाफुलांचा वॉलपेपर लावणे म्हणजे दोघांचेही वाटोळे. पांढरी किंवा फिकट मातकट भिंत, राखी सोफा आणि पिवळसर उजेडाचा दिवा एवढे पुरते. लाख उन्हाने मऊ पडते आणि स्पिरिटने विरघळते. म्हणून संखेड्याची खुर्ची पश्चिमेच्या खिडकीत ठेवू नये आणि कोरड्या कापडानेच पुसावी.

झोपाळा टांगायचा तर कडी बीममध्ये किंवा काँक्रीटच्या स्लॅबमध्ये, जाणत्याला दाखवूनच बसवावी. फॉल्स सीलिंगवर भरवसा ठेवणे धोक्याचे. पुढेमागे झोका जाईल एवढी जागा मोकळी हवी, नाहीतर काचेच्या टीपॉयला रोज धक्के बसतात. जुने लाकूड विकत घेताना पायांखाली पिवळसर भुकटी दिसते का ते पाहावे. दिसली तर कीड अजून जिवंत आहे.

लहान वस्तूंना काम दिले की त्या शोभतात. घंगाळात कुंडी, पाटावर पुस्तके, पानाच्या डब्यात चाव्या चालतात. पितळ चिंच लावून घासावे, पण समईच्या कोरीव भागातला काळपटपणा सगळा काढू नये. त्यानेच नक्षी उठून दिसते.

जुन्या वस्तूंच्या बाबतीत कायदाही लक्षात ठेवावा. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला परदेशी नेता येत नाही. परदेशातल्या मुलाच्या घरासाठी जुनी मूर्ती किंवा चित्र पाठवण्याआधी ती पुरावस्तू नसल्याचा दाखला पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्यावा.