लाल तेल, काळं तेल

सकाळी सात. चाकणमधल्या आमच्या ऑइल-फिल्टर लॅबचा दिवस धुळीपासून सुरू होतो. ही धूळ ॲरिझोनाच्या वाळवंटातली, आयएसओ १२१०३-१ या मानकात ‘ए३’ म्हणून ओळखली जाणारी. कोणत्या आकाराचे कण किती, हे ठरलेलं. ओल राहिली तर तिच्या गुठळ्या होतात आणि कण मोजणारा काउंटर गुठळीला एकच मोठा कण समजतो. म्हणून आधी ओव्हनमध्ये सुकवायची, मग तोलायची, तेलात कालवून अल्ट्रासॉनिकवर मोकळी करायची. इथे घाई केली की पुढचे सगळे आकडे वाया.

साडेआठला फिल्टर रिगवर चढतो. रिगमधलं तेल इंजिन ऑइल नव्हे, लालभडक पातळ हायड्रॉलिक तेल. त्याची व्हिस्कॉसिटी १५ सेंटिस्टोकच्या आसपास राहील असं तापमान धरायचं, म्हणजे ते तापलेल्या इंजिनातल्या तेलाच्या जवळ जातं. आयएसओ ४५४८-१२ ची ही मल्टिपास चाचणी: तेच तेल फिल्टरमधून फिरत राहतं, धूळ एकसारखी पडत राहते, फिल्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन काउंटर कण मोजतात. २० मायक्रॉनपेक्षा मोठे १०० कण आले आणि १ निसटला, तर २० मायक्रॉनला कार्यक्षमता ९९ टक्के. दाब ठरलेल्या मर्यादेपर्यंत चढेतो रिग चालू.

दहाच्या सुमारास विक्री विभागाचा फोन. त्यांना खोक्यावर नुसतं ‘९९ टक्के’ छापायचंय. मी नाही म्हणतो. किती मायक्रॉनला, हे सोडलं तर तो आकडा पोकळ आहे. ४० मायक्रॉनला ९९ टक्के देणारा फिल्टर १० मायक्रॉनला निम्मे कण सोडत असू शकतो, आणि बेअरिंगमधला तेलाचा थर कित्येकदा त्याहूनही पातळ असतो.

साडेअकराला नाशिकहून आमची चाचणीची पिकअप येते. मी चालक काकांना विचारतो, “काका, पहाटे कशी होती?”

“थंडी मरणाची होती, सर. गाडी चालू केल्यावर थोडा वेळ वरून टकटक येत होती. चंदनापुरी घाटात मात्र एकदम गप्प.”

ती टकटक, म्हणजे बहुधा इंजिनाच्या वरच्या भागाला तेल उशिरा पोचणं, मला रिपोर्टाइतकीच महत्त्वाची वाटते. पहाटेच्या गारठ्यात १५डब्ल्यू-४० तेल आमच्या लाल तेलापेक्षा वीसपटीहून जास्त दाट असतं. फिल्टरच्या कागदातून ते पुरेसं जात नाही, दाबाचा फरक वाढतो, बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि थोडं तेल न गाळता पुढे जातं. ते योग्यच आहे, कारण बेअरिंग कोरडं राहण्यापेक्षा न गाळलेलं तेल परवडलं. पण लॅबमध्ये बायपासची परीक्षा वेगळी (४५४८-२), थरथरीची वेगळी (४५४८-७). रस्ता सगळं एकदम विचारतो: पंपाचे हेलकावे, सिग्नलला बंद-चालू होणारं इंजिन, तेलात उतरलेलं इंधन.

जेवणानंतरचा वेळ कापलेल्या फिल्टरचा. डबा कटरने उघडायचा, कागदाच्या घड्या पसरायच्या, सॉल्व्हंटने धुवायच्या, गाळ पांढऱ्या मेम्ब्रेनवर घेऊन मायक्रोस्कोपखाली धरायचा. आज दोन घड्यांच्या बेचक्यात राखाडी सीलंटची एक तार अडकलेली, शेजारी धातूचे दोन चकचकीत पापुद्रे. लोखंडाचे पीपीएम सांगणाऱ्या स्पेक्ट्रोमीटरला साधारण पाच ते आठ मायक्रॉनच्या वरचे कण नीट दिसतच नाहीत. म्हणून तेलाचा रिपोर्ट स्वच्छ असूनही फिल्टरमध्ये धातू सापडतो. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्याशिवाय मी इंजिनाबद्दल मत देत नाही.

काका विचारतात, “तेल एवढं काळं, मग फिल्टर काय करतो?” काळेपणा काजळीचा. तिचे कण एका मायक्रॉनहूनही लहान. तेलातली रसायनं त्यांना सुटं ठेवतात आणि फुल-फ्लो फिल्टर त्यांना अडवत नाही. काळ्या तेलावरून फिल्टर नापास करू नये. हेच काळं तेल प्रकाशावर चालणाऱ्या काउंटरला आंधळं करतं, म्हणून चालत्या गाडीत रिगसारखी कार्यक्षमता मोजता येत नाही.

चारला रिग थांबतो. संध्याकाळी रिपोर्ट लिहिताना कार्यक्षमतेच्या तक्त्याशेजारी बायपास उघडण्याचा दाब आणि दाट तेलातला दाबाचा आलेख जोडतो. तुलना दोन फिल्टरांची आहे. २० मायक्रॉनला ९९ टक्के घेऊन फिल्टर अ पुढे, पण गारठ्यात त्याचा बायपास लवकर उघडतो. ब ९७ वर आहे, पण त्याच्या घड्या जास्त, कागदाचं क्षेत्रफळ मोठं, त्यामुळे तो थंड तेलही बरंचसं गाळतो. रोज पहाटे निघणाऱ्या डिलिव्हरीच्या गाड्यांसाठी मी ब सुचवलाय. उद्या पिकअपवर तोच चढेल, फिल्टरच्या दोन्ही बाजूंना प्रेशर सेन्सर लावून. काकांना सांगितलंय, निघण्याआधी रेकॉर्डर चालू करा आणि मगच चावी फिरवा.